डबा परत करायचा राहिला

आज सकाळी नजीरा मैदानाच्या कडेला खाली बसली, तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. माणूस दमला की बसतो, त्यात काय एवढं, असं घरातल्या दोघांनीही मला सांगून झालं आहे. पण नजीरा बसत नाही. एक्कावन्नाव्या वर्षी ती रोज सकाळी साडेसहा ते नऊ बायकांच्या स्कूटीमागं धावते. तिचा तो व्यवसायच आहे, बायकांना गाडी शिकवण्याचा. आज धावता धावता ती मध्येच थांबली, डावा खांदा दाबत कट्ट्यावर टेकली आणि जानेवारीच्या थंडीत तिनं ओढणीनं तोंडावरचा घाम पुसला. मी जवळ गेले तर म्हणाली, "पित्त हाय. रातच्याला वांगं खाल्लं."

माझ्या पर्समध्ये पित्ताच्या गोळ्या असतातच. सर्दीच्या, उलटीच्या, जुलाबाच्या आणि जुलाब थांबल्यावर घ्यायच्याही असतात. तिनं एक गोळी घेतली, पाच मिनिटांनी उठली आणि पुन्हा धावायला लागली. जाता जाता मला दम दिला, की इरमला फोन केलास तर बघ. नाही करत, असा शब्द मी देऊन बसले.

इरम तिची मुलगी. पुण्यात एका कंपनीत आहे. आईनं ही धावाधाव बंद करावी आणि पुण्याला येऊन राहावं, असं तिचं दोन वर्षं चाललं आहे. तिला हे कळलं तर ती पहिल्या एसटीनं येईल, आईचा क्लास बंद करेल आणि तिला घेऊन जाईल. पुण्यात नजीरा काय करणार? चौथ्या मजल्यावर बसून लिफ्टचा आवाज ऐकणार. ते तिला नको आहे. खरं सांगायचं तर मलाही नको आहे.

अडचण अशी, की माझ्या काळजीला आमच्या घरात काडीची किंमत उरलेली नाही आणि ती मीच घालवली आहे. आमची मुलगी अनुजा सहा वर्षांची असताना तिला लाल लघवी झाली म्हणून मी तिला पांघरुणात गुंडाळून रिक्षानं दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी एकच विचारलं, काल बीट खाल्लं होतं का? खाल्लं होतं. मीच किसून घातलं होतं. एका रात्री यांचं घोरणं अचानक थांबलं म्हणून मी यांच्या नाकाखाली आरसा धरला. हे जागे झाले आणि आरशात स्वतःचंच तोंड बघून ओरडले. अनुजाचा फोन दोन तास लागत नव्हता तेव्हा मी तिच्या तीन मैत्रिणींना, एकीच्या आईला आणि कॉलेजच्या वॉचमनला फोन केला. ती आमच्याच गच्चीवर अभ्यास करत होती.

त्यामुळं आज रात्री जेवताना मी म्हटलं की नजीराला हृदयाचं काहीतरी असणार, तेव्हा यांनी भाजी वाढ म्हणून सांगितलं. अनुजा म्हणाली, "आई, मागच्या महिन्यात तुलाच हार्ट अटॅक आला होता. ढेकर आल्यावर गेला."

ते खरं आहे. म्हणून तर मला कळेना झालंय, की हा नेहमीचा प्रकार आहे की या वेळी मी खरंच काही बघितलं आहे.

नजीरा आणि मी कॉमर्सला एका बाकावर होतो. तिचे वडील इथंच मंगळवार पेठेत टेलर. आमच्याकडं पेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात, त्यांचे शर्ट ते शिवायचे. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन संघांचे शर्ट त्यांच्या दुकानात एकाच खुंटीला गुण्यागोविंदानं टांगलेले असायचे. नजीरा बारावीपासून वडिलांची लुना चालवायची. त्या काळी पेठेतून मुलगी लुनावरून निघाली की दहा खिडक्या उघडायच्या. ती प्रत्येक खिडकीला हात करत जायची. मी मागं बसून तोंडावर रुमाल धरायचे.

शेवटच्या वर्षी अकाउंट्सच्या पेपरच्या दिवशी सकाळी मला तीन उलट्या झाल्या. मला काहीही आठवत नाही, मी यंदा ड्रॉप घेते, असं मी आईला सांगितलं. माझी आईसुद्धा काळजीवाली, ती लगेच तयार झाली. साडेदहाला नजीरा मला न्यायला आली. तिनं चपलाही न काढता दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ड्रॉप घे की. पर तितं पंख्याखाली बसून घे. हितं उकडतंय."

वाटेत लुनाचं पेट्रोल संपलं. मग तिनं मला मागं बसवून पॅडल मारत गाडी नेली. मदत म्हणून मी मागून 'आपण आता पोचत नाही' असं दर चौकात सांगत होते. मला वर्गात सोडून, मी बाकावर बसल्याची खात्री करून ती निघाली. तिचा नंबर दुसऱ्या इमारतीत होता. ती पंचवीस मिनिटं उशिरा पोचली.

मला फर्स्ट क्लास मिळाला. तिचा तीन मार्कांनी हुकला. पेढे वाटायला मी तिच्याच लुनावरून फिरले आणि शेवटचा पेढा तिच्या हातावर ठेवताना म्हणाले, की तू अजून थोडा अभ्यास करायला हवा होतास. हे मी विसरूनही गेले होते. तिनं परवा मैदानात, पंधरा बायकांसमोर, माझ्या आवाजाची नक्कल करून आठवण करून दिली.

पुढं तिचं लग्न शिरोळकडं झालं. तिच्या नवऱ्याचं, गैबीभाईंचं, ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. तीन वर्षांनी माझंही झालं आणि मी शाहूपुरीत आले. भेटी कमी झाल्या, पण फोन असायचे. अनुजा झाली तेव्हा नजीरा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर एसटीनं आली आणि पाच किलोचा स्टीलचा डबा भरून डिंकाचे लाडू घेऊन आली. मांडीवर ठेवून आणला होता. भांड्यांच्या दुकानात टिकल्या टिकल्यांची अक्षरं घालून देतात तसं झाकणावर नाव होतं, नजीरा.

आता जे सांगते ते ऐकून आमचे हे अजून कपाळाला हात लावतात.

आमच्याकडं भरून आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. त्यात काहीतरी घालून द्यायचं असतं. मूठभर साखर घातली तरी चालते. पण पाच किलोच्या डब्यात मूठभर साखर कशी दिसेल, म्हणून मी बेसनाचे लाडू करायला घेतले. बेसन कच्चं राहिलं. लाडू टाळूला असे चिकटायचे की खाणाऱ्याला बोलता येईना. ते गेले गवळ्याच्या म्हशीला. मग म्हटलं दिवाळीत फराळ भरून देऊ. त्या दिवाळीत चकल्या मऊ पडल्या. मग अनुजाच्या वाढदिवसाला काहीतरी करू म्हटलं, तेव्हा तिला गोवर झाला. असं होता होता दोन वर्षं गेली आणि मग प्रकरण हाताबाहेर गेलं. दोन वर्षांनी डबा द्यायचा तर नुसता चिवडा घालून कसा देणार? पाच वर्षांनंतर वर एखादी साडी तरी हवी. दहा वर्षांनंतर काय ठेवावं हे मला सुचेचना. जितका उशीर, तितका त्यात भरायचा पदार्थ मोठा. मूठभर साखर पुरली असती हे पुन्हा डोक्यात आलं तेव्हा अनुजा दहावीत होती.

दरम्यान डबा वापरात होता, हे कबूल करते. आधी त्यात रवा होता. मग पापड. शेवटी त्यात औषधं आणि घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट गेले.

नजीराचा घरच्या फोनवर फोन यायचा. ती डब्याचं विचारेल, या धास्तीनं मी सासूबाईंना खूण करायचे, की मी घरात नाही म्हणून सांगा. सासूबाई बिचाऱ्या सांगायच्या. चार-पाच वेळा असं झालं आणि मग फोन यायचे बंद झाले. मला सुटल्यासारखं वाटलं. पुढं तो लँडलाइनच काढून टाकला. २०१९च्या महापुरात टीव्हीवर शिरोळकडचं पाणी दाखवत होते. घराच्या पत्र्यांवर माणसं बसलेली. मी आठ दिवस जेवले नाही नीट. नंबर शोधायला मात्र कुणाकडं गेले नाही, कारण नंबर मिळाला असता तर फोन करावा लागला असता. डबा तेवढा माझ्याकडं सुखरूप होता.

दोन वर्षांपूर्वी अनुजाला अठरा पूर्ण झाली आणि तिच्या बाबांनी मला न विचारता तिला स्कूटी आणली. बायकांना बायकांनीच शिकवायचा एक क्लास आहे असं आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. शिकवणारी कुणी नज्जू मॅडम. मी अनुजाला तिथं घातलं आणि रोज सकाळी तिच्या नकळत मैदानाच्या टोकाला कडुलिंबाच्या झाडामागं उभी राहायला लागले. सोबत पाण्याची बाटली, मलमपट्टी आणि हाडाच्या डॉक्टरांचा नंबर. मॅडम लांब असायच्या, तोंडाला स्कार्फ, डोक्यावर टोपी. मला ओळख पटायचं कारण नव्हतं.

चौथ्या दिवशी मॅडम सरळ झाडाकडं चालत आल्या आणि दहा फुटांवरून म्हणाल्या, "झाडामागलं पावणं, रोज येताय, पुढं तरी या की." मी पुढं आले. त्यांनी टोपी काढली, मग स्कार्फ काढला.

"पुर्णे?"

अठरा वर्षांनी मैत्रीण समोर उभी. अशा वेळी माणूस गळ्यात पडतो, रडतो. मी म्हणाले, "तुझा डबा आहे माझ्याकडं."

"कसला डबा?" तिनं विचारलं. तिला डबा आठवतच नव्हता.

मग मी तिला सगळं सांगितलं. बेसन, चकल्या, गोवर, फोन, सासूबाईंना केलेली खूण. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. बराच वेळ स्कार्फची घडी घालत राहिली, मग म्हणाली, "मला वाटलं, तुमच्या घरात माझं लाडू कुणी खाल्लंच न्हाईत."

मला आधी समजलंच नाही ती काय म्हणते आहे.

"सासू फोनवर न्हाय म्हणायची," ती म्हणाली. "म्हटलं, आमच्या हातचं चालत नसंल त्यांच्यात. म्हातारं माणूस हाय, असंल. पर तू पण? एकदा एसटीतनं उतरून तुमच्या कोपऱ्यापतूर आलतो मी. मग म्हटलं कशाला, तिला तरास."

ते लाडू सासूबाईंनी दिवसाला चार खाल्ले होते. बाळंतीण मी होते आणि लाडू त्यांनी संपवले होते. 'तुझ्या त्या मैत्रिणीला विचार, डिंक कुठून आणते,' असं त्यांनी मला तीनदा सांगितलं होतं आणि डब्याचा विषय निघेल म्हणून मी विचारलं नव्हतं. सासूबाई आता नाहीत. अठरा वर्षं त्यांच्यावर हा आळ होता आणि तो घालणारी मी. घरात सर्वांना मी सांगत फिरते की मला सगळ्यांची काळजी असते. इतकी काळजी करूनही, आपल्या गप्प बसण्याचा कुणी असा अर्थ लावेल ही एक काळजी मात्र मी केली नव्हती.

दिवसाला चार, हे मी सांगितल्यावर नजीरा एकदम हसत सुटली. हसता हसता तिनं मला एक शिवी घातली, ती मी लिहीत नाही. कॉलेजात ती मला तीच घालायची. त्या शिवीनं मला इतकं बरं वाटलं, की मी तिथंच रडायला लागले आणि तिकडं अनुजानं मला बघून गाडी कट्ट्यावर घातली. मलमपट्टी उपयोगी पडली.

डबा दुसऱ्याच दिवशी परत केला. बेसनाचे लाडू घालून. घरी केलेत म्हणाले. तिनं एक तोंडात टाकला आणि दुकानाचं नाव सांगितलं.

महापुरात घरात छातीएवढं पाणी आलं, तेव्हा नजीरा इरमला घेऊन मंगळवार पेठेत माहेरच्या दोन खोल्यांत आली ती इथंच राहिली. गॅरेज शिरोळलाच आहे. ऊस कारखान्यांना जात असतो तोवर ट्रॅक्टर रात्रंदिवस पळतात आणि रात्रंदिवस मोडतात, म्हणून नोव्हेंबर ते मार्च गैबीभाई गॅरेजवरच झोपतात. गाडी शिकवायचं कसं सुचलं, विचारलं तर म्हणते, येत होतं तेवढंच.

तिची शिकवायची रीत वेगळी आहे. पहिल्या दिवशी ती किल्ली देत नाही. स्कूटी गवतावर आडवी पाडते आणि म्हणते, उचला. जिला पडलेली गाडी उचलता येत नाही, तिला चालवायला मिळत नाही. कॉलेजच्या मुली पहिल्या दिवशी उचलतात. मी, वय एकोणपन्नास, नऊ दिवस घेतले. नवव्या दिवशी गाडी उभी राहिली आणि मी आडवी झाले. मग ती मागची दांडी धरून शेजारून पळते. सगळ्या बायकांना धीर देते. मला मात्र म्हणते, पुर्णे, बैलगाडीवाला पुढं गेला बघ. आता मला येते गाडी. डावीकडं वळता येतं. उजवीकडं अजून वळता येत नाही, त्यामुळं भाजी आणायला मी तीनदा डावीकडं वळून जाते आणि दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लावते. लोकांना वाटतं, बाईला गाडीची हौस फार.

पण मैदानावर मी गाडीसाठी जात नाही. माझ्या काळज्या ऐकायला जगात एकच माणूस आहे आणि ते पळता पळता ऐकतं. अनुजा मुंबईला नोकरीला गेली तर? जाऊ दे की. तिनं कुणाशी जमवलं तर? जमव म्हणावं. यांची साखर वाढली तर? चहा कमी कर. मी गाडीवर, ती शेजारून पळत, दमलेल्या आवाजात एकेका शब्दात निकाल. घरी येते तेव्हा मी शहाण्या बाईसारखी असते, साधारण अकरा वाजेपर्यंत. गेल्या दोन वर्षांत मी दवाखान्यात खोटी धावाधाव फक्त दोनदा केली. यांना वाटतं तो योगासनांचा परिणाम आहे.

तर आज ती खाली बसली. वांगं मीही खाते, पित्त मलाही होतं, पण पित्तानं कुणी डावा खांदा दाबत नाही. आणि मागच्या मंगळवारीही ती अशीच थांबली होती, चप्पल नीट करायचं निमित्त करून. तिच्या पायात बूट होते. ते मला आत्ता, हे लिहिताना लक्षात आलं.

साडेबारा वाजून गेलेत. ती त्या दोन खोल्यांत एकटी आहे. इरमला कळवलं तर मी शब्द मोडला असं होईल आणि नजीराचा क्लास जाईल. गैबीभाई पंचेचाळीस किलोमीटरवर, ट्रॅक्टरच्या आवाजात झोपलेले. सकाळपर्यंत थांबावं, तर साडेसहाला ती पुन्हा कुणाची तरी दांडी धरून पळत असेल. राहता राहिली ती स्वतः. मध्यरात्री तिला उठवून दवाखान्यात चल म्हणायचं. निघालं पित्त, तर मैदानावरच्या पंधरा बायका वर्षभर माझी नक्कल करतील. करू देत. बीट, आरसा आणि गच्ची यांत एकाची भर पडेल. लाजेपायी एक फोन न केल्यानं काय होतं, ते मी अठरा वर्षं बघितलं आहे.

यांना हलवून उठवलं. म्हणाले, "आता कोण?" मी म्हटलं, "नजीरा. शर्ट घाला आणि गाडीची किल्ली घ्या. मला उजवीकडं वळता येत नाही." माझ्या तोंडाकडं बघून ते या वेळी लगेच शर्ट शोधायला लागले.

आता तिला फोन लावते. आम्ही येतोय, कडी काढून ठेव आणि हलू नकोस, एवढंच सांगायचं आहे. ती ओरडेल. मैत्री तोडीन म्हणेल. उचलून ती मनसोक्त ओरडू दे, मी सगळं ऐकून घेईन. तिनं उचललाच नाही, तर दुसरा फोन इरमला, मग शब्द मोडला तर मोडला.